पिल्लांच्या पायांचे दुखणे: घरी काय केलेत, काय लागू पडले?

पावसाच्या तोंडावर रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेल्या कोंबड्यांची पिल्ले आता फुटू लागलीत. त्यात एखादे पाय फाकवून पडलेले असतेच, आणि घरात कुणीतरी म्हणतेच, "ते जगायचे नाही, सोडून द्या." मला हे पटत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात लावला तर यातली बरीच पिल्ले चालू लागतात. ज्यांनी घरी काही केले असेल त्यांनी लिहा. पिल्लू किती दिवसांचे होते, खाली काय अंथरले होते, खायला काय देत होता आणि पाय नेमका कसा दिसत होता, एवढे सांगाच. नुसत्या "पाय गेला" वरून दुसऱ्याला काही कळत नाही.

सुरुवात मी करते, गोव्यातल्या डिचोलीहून. शेजारच्या वहिनींची पिल्ले खोक्यात वर्तमानपत्रावर होती. कागद गुळगुळीत, पाय घसरत राहिले. एकाचे दोन्ही पाय दोन दिशांना गेलेले, पोट जमिनीला टेकलेले. जखमेवर लावायची चिकटपट्टी उभी अर्धी कापली. कापसाची गादी दोन पायांच्या मधोमध, आणि चिकट टोके एकेका पायाच्या नळीला सैल वळसा घालून परत पट्टीवरच चिकटवली. मध्ये अंतर साधारण एक इंच. सुरुवातीला पिल्लू तोंडावर पडते, तेव्हा छातीखाली तळवा धरून पाण्यापर्यंत न्यावे लागते. पाण्याची ताटली उथळ हवी, आत खडे टाकलेले. बोटे सुजली किंवा निळसर दिसली तर पट्टी लगेच सैल करायची. काढताना खोबरेलाचा थेंब सोडला की कातडी ओढली जात नाही. तीन-चार दिवसांत ते बाकीच्यांबरोबर पळू लागले.

पेडणे: ताई, एक भर घालतो. पट्टी रंगीत नको, बाकीची पिल्ले तिच्यावर चोची मारतात. बांधलेले पिल्लू वेगळे ठेवा, पण एकटे नको. सोबतीला शांतसे एक भावंड द्या, नाहीतर ओरडून ओरडून थकते. खाली आम्ही गोणपाट घालायचो. पकड चांगली मिळते, पण कडेचे सुटे धागे आधी कापा. आमच्या एका पिल्लाच्या बोटाला दोरा आवळला होता आणि आम्ही पायाचा रोग समजत होतो. सुईच्या टोकाने दोरा काढला, बोट वाचले. लंगडणारे पिल्लू दिसले की आधी तळवा आणि बोटे उजेडात धरून बघावीत.

सत्तरी: आमच्याकडे बोटे आत वळून मूठ झाली होती, पिल्लू घोट्यांवर सरपटायचे. कोंबड्यांना वर्षभर कणी आणि भाताचे उरलेसुरले एवढेच. पशुवैद्यांनी सांगितले, हे बी-२ जीवनसत्त्व कमी पडल्याने होते. आईच्या खाण्यात नसेल तर अंड्यातही कमी उतरते. पाण्यातून जीवनसत्त्वाचे थेंब दिले, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून चारला, पुठ्ठ्याचा तुकडा कापून बोटे त्यावर सरळ पसरून चिकटवली. आये म्हणाली, "बांद गो तें, चलतलें." चालले. एक मात्र उशिरा लक्षात आले, त्याची बोटे तशीच राहिली. नस एकदा कायमची बिघडली की औषध पोचत नाही. आता पिल्लांना स्टार्टर (लहान पिल्लांचे तयार) खाद्य, आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना पालाही.

फोंडा: इन्क्युबेटरवाल्यांसाठी. २१ दिवसांत तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास टिकले नाही तर अधू पायांची पिल्ले जास्त निघतात. आमच्याकडे वादळात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरवर जोडले. तेव्हापासून फरक दिसतो.

काणकोण: सगळेच बरे होते असे नाही, हेही लिहायला हवे. आमच्या एका पिल्लाचा घोट्याचा सांधा सुजला आणि मागची शीर बाजूला सरकली. याला मँगनीज किंवा कोलीन कमी पडणे हे एक कारण असते. जागेवर बसवायचा प्रयत्न केला, परत सरकली. अशा पायाला ओढाताण करू नका, पिल्लाला फार दुखते.

सासष्टी: दोन-तीन महिन्यांच्या तलंगेचा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचा) एक पाय पुढे, एक मागे गेला तर पट्ट्या बांधत बसू नका. तो मॅरेक्स असू शकतो. विषाणूचा रोग, उपाय नाही. लस पहिल्याच दिवशी, हॅचरीत द्यायची असते. पक्षी लगेच वेगळा करा आणि पशुवैद्यांना दाखवा. विकतची पिल्ले घेताना लस दिली आहे का ते विचारूनच घ्या, म्हापशाच्या बाजारातही. जुन्या गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात कुक्कुटपालनाची माहिती मिळते.

डिचोली: सासष्टीकर, हे बरे सांगितलेत. घरच्या रवणीच्या पिल्लांना लस कुठे टोचून मिळते, ते कुणाला माहीत असेल तर तालुक्यासकट लिहा.