अनुभव धागा: शाळेआधीचे आणि शाळेनंतरचे वर्ग, जागा नक्की कुणाला मिळते?

पिंपळपान
आज आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा पुढच्या वर्षीच्या आफ्टरस्कूल नोंदणीचा मेल आला आणि पूर्वीची 'सकाळी सातला फॉर्म उघडेल' ही पद्धत आठवली. दहा मिनिटांत जागा खल्लास. लॅपटॉप उघडून बसलेल्यांची सोय व्हायची आणि गोदामात रात्रपाळी करून परतणारी आई वेटिंग लिस्टच्या तळाला. नियम सगळ्यांना एकच, तरी अन्याय ठरलेला.

कॅलिफोर्नियापुरतं सांगते. फॉर्म तीन आठवडे उघडा ठेवा, पहिल्या दिवशी भरा नाहीतर शेवटच्या, मान सारखाच. आधी बेघर आणि फॉस्टर (सरकारने दुसऱ्या घरी ठेवलेली) मुलं, मग फ्री-रिड्यूस्ड लंचची, म्हणजे कमी उत्पन्नामुळे जेवण फुकट किंवा स्वस्तात मिळणारी, मग इंग्लिश लर्नर, म्हणजे इंग्रजी अजून शिकणारी. उरलेल्या जागांची सोडत, भावंडांची चिठ्ठी एकच. कागदी फॉर्म ऑफिसात हवाच, आणि ऑनलाइन फॉर्म फोनवर अंगठ्याने भरता येईल इतका आटोपशीर. सोशल सिक्युरिटी नंबर किंवा नागरिकत्वाचा रकाना अजिबात नको. तो दिसला की माणसं फॉर्म तिथेच सोडून देतात.

तुमच्याकडे काय चालतं, कुठे अडतं? लिहा.

कडुलिंब
बुधवार! आमच्याकडे बुधवारी शाळा दीडला सुटते हे बजेट करताना कुणालाच आठवत नाही.

ईएलओपी, म्हणजे शाळेबाहेरच्या तासांसाठीची कॅलिफोर्नियाची योजना, तिच्या पैशांसाठी शाळा, सुट्टी, जेवण आणि कार्यक्रम मिळून दिवसाचे ९ तास भरावे लागतात. सव्वाआठ ते पावणेतीन म्हणजे साडेसहा तास. राहिले अडीच, म्हणजे सव्वापाचपर्यंत भागतं. बुधवारी तेच पावणेचार तास होतात. तेवढे तास माणसांच्या करारात नसले की बुधवारी मुलं कॅफेटेरियात नुसती बसवून ठेवलेली दिसतात. शिवाय शाळा बंद असतानाचे ३० दिवस वेगळे. कॅलेंडर ऑगस्टच्या आधी छापून घरी द्या, कामावर सुट्टी मागणाऱ्या आईबापांना ते लागतं.

माणसांचं गणित: टीके-केजीला (पहिलीच्या आधीचे वर्ग) दहा मुलांमागे एक, वरच्या वर्गांना वीसमागे एक. समजा ६० मुलं, त्यातली १४ छोटी. छोट्यांना दोघं, बाकीच्या ४६ ना तिघं, आणि एक माणूस मोकळा. तो मोकळा माणूस कापू नका. एका छोट्याला बाथरूमला न्यायचं म्हटलं तरी त्याच्याशिवाय प्रमाण मोडतं.

ताकभात
कडुलिंबदादा, भरतीचंही लिहा की. लाइव्ह स्कॅनचे (गुन्ह्यांची नोंद तपासण्यासाठीचे) बोटांचे ठसे, टीबीच्या धोक्याची तपासणी आणि गरज पडली तर टेस्ट, आणि ४८ कॉलेज युनिट नसतील तर डिस्ट्रिक्टची परीक्षा. ऑगस्टात भरती सुरू केली तर माणूस ऑक्टोबरात उभा राहतो, आणि माणूस नाही म्हणून तोवर जागा अडून. मे महिन्यातच भरती काढायची.

आता खाऊ (माझा प्रांत 😊). सीएसीएफपी या केंद्र सरकारच्या खाऊ-जेवण योजनेत स्नॅकला पाच गटांपैकी दोन लागतात: दूध, प्रोटीन, धान्य, भाजी, फळ. दूध आणि ज्यूस ही जोडी चालत नाही. सहा वर्षांवरच्या मुलाला दूध ८ औंस, फळ पाऊण कप. डोकी मोजायची ती खाऊ हातात देताना, नंतर हजेरीवरून उतरवली की तपासणीत उडतात.

सोनटक्का
ताकभात, शाकाहारी मुलांचं काय गं? दर वेळी टर्की स्टिक नाहीतर जिलेटिनवालं योगर्ट.

ताकभात
चीज स्टिक आणि सफरचंद, किंवा हमस आणि पिटा. जिलेटिन नसलेलं योगर्ट ४ औंस घेतलं की प्रोटीनचा गट होतो. मेन्यू ठरवणाऱ्याला नोंदणीच्या वेळीच आकडा द्या, 'इतकी मुलं मांस खात नाहीत' असा. तुझ्या एकटीच्या ईमेलवर मेन्यू बदलत नाही, आकड्यावर बदलतो. बऱ्याच मुसलमान, शीख घरांनाही तेच हवं असतं.

रानजाई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय.

एपिपेन, म्हणजे जिवावरच्या अ‍ॅलर्जीवरचं इंजेक्शन. दिवसभर नर्सच्या खोलीतल्या कपाटात असतं, तीनला नर्स घरी आणि खोलीला कुलूप. आफ्टरस्कूलच्या माणसाकडे खेळाच्या शेडची चावी असते, नर्सच्या खोलीची नसते. यावर उपाय म्हणजे पालकांकडून दुसरा संच आणि डॉक्टरची सही असलेला दुसरा फॉर्म, लाल झिपची पिशवी, मुलाचा फोटो, एक्सपायरीची तारीख बाहेरून दिसेल अशी. मैदानावर जाताना पिशवी सोबत जाते. इन्हेलरचंही असंच.

दुसरं, ज्या मुलाला दिवसा मदतनीस आहे त्याचा मदतनीस अडीचला सुटतो. मग 'आमच्याकडे सोय नाही' असं तोंडी सांगून मूल परत पाठवतात. हे कायद्यात बसत नाही. ५०४ आणि एडीए हे अपंगांच्या हक्कांचे कायदे दुपारनंतरही लागू असतात. काय सोय लागेल हे नोंदणीनंतर पहिल्याच आठवड्यात विचारायचं आणि मदतनीसाचे तास वाढवून घ्यायचे. 'मूल त्रास देतं' म्हणून लवकर घरी पाठवायची प्रत्येक वेळ लिहून ठेवा. महिन्याने वही उघडली की तीच चार नावं पुन्हा पुन्हा दिसतात.

पिंपळपान
रानजाई, पिशवी मैदानावर नेणारा माणूस रोजच्या पाळीपत्रकात नावानिशी लिहा. 'कुणीतरी घेईल' म्हटलं की पिशवी हुकालाच लटकलेली राहते.

फ्री लंचची यादीही जपा. ती गोपनीय असते. साइटवरच्या मुलांना सांभाळणाऱ्यांकडे ती जायलाच नको, निवड ऑफिसात व्हावी आणि साइटला फक्त नावं मिळावीत.

बोरीबाभळी
मी अमेरिकेत नाही, मराठवाड्यात जिल्हा परिषद शाळेत आहे, पण वाचून राहवलं नाही. आमच्याकडचा शाळेनंतरचा प्रश्न म्हणजे ऊसतोड. आईबाप कारखान्यावर जातात. मूल आजीजवळ गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृह, ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. मंजुरी उशिरा आली की मूल आधीच ट्रकमध्ये बसलेलं असतं. म्हणून मुकादमाने उचल दिली की लगेच, दसऱ्याच्या आधीच, घरोघरी यादी करायची. आजीच्या वयाचीही चौकशी करायची, कारण आजीला दिसत नसेल तर दोन वेळच्या जेवणाने भागत नाही, रात्री कोण ते ठरवावं लागतं. जे मूल जातंच त्याच्या हातात शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येतं.

कडुलिंब
गुरुजी, दंडवत. ट्रक निघायच्या आधी यादी, हेच इथे आम्हाला जमत नाही. बेघर कुटुंब मोटेलातून मोटेलात जातं, आणि लागोपाठ दहा दिवस गैरहजर म्हणून त्या मुलाची जागा कापली जाते. आधी फोन, मग बेघर मुलांसाठी नेमलेल्या लिएझॉनला (डिस्ट्रिक्टच्या संपर्क अधिकाऱ्याला) विचारणा, त्यानंतरच जागा दुसऱ्याला.

सोनटक्का
आणि लेट पिकअपचा दंड? आमच्याकडे मिनिटाला एक डॉलर आहे.

पिंपळपान
तो बसने येणाऱ्या आईलाच बसतो. बस चुकली की पुढची अर्ध्या तासाने, म्हणजे तीस डॉलर. दंडाऐवजी तिसऱ्या वेळी बसून बोला, घेऊन जाणाऱ्यांच्या यादीत शेजारच्या दोघांची नावं घाला. आणि सहाची लेट बस सोडली नाही तर लांबच्या वस्तीतली मुलं मुळात नावच घालत नाहीत, वेटिंग लिस्टमध्येसुद्धा दिसत नाहीत.

ताकभात
भाषांतराचं कुणीच लिहिलं नाही! एखादी भाषा शाळेतल्या १५ टक्के मुलांची घरची भाषा असेल तर पत्र त्या भाषेत देणं सक्तीचं आहे. त्याखालच्या भाषांना फोनच करा. आमच्या भागात पंजाबी घरी पत्र पडून राहतं, फोनवर दोन मिनिटांत होकार मिळतो. फोन संध्याकाळी सातनंतर.

रानजाई
सातनंतर का गं?

ताकभात
पॅकिंग शेडची पाळी तेव्हा सुटते. कुकर झाला का?

रानजाई
झाला. पिशव्यांवरच्या तारखा बघायच्या राहिल्यात, उद्या सकाळी साडेसहाला गेल्या गेल्या बघते.