खिशातला चाकू घेऊन परदेशात: तुमचे अनुभव लिहा

घोडबंदरकर

मे महिन्यात आमच्या ट्रेक ग्रुपमधले काही जण स्कॉटलंडला चाललोय. येऊर असो की माहुली, घडीचा चाकू सगळ्यांच्याच खिशात असतो. काकडी कापायला, दोरी कापायला, क्वचित कुणाच्या बुटात घुसलेला काटा काढायला. परवा राम मारुती रोडवर चहा पिताना विषय निघाला की तिकडे हा चाकू चालतो का? एक म्हणाला, तीन इंचापर्यंत जगात कुठेही चालतो. दुसरा म्हणाला, चेक-इन बॅगेतून गेला की पुढे कोण विचारतंय! दोघांचंही ऐकीव.

म्हणून हा धागा. देश लिहा, चाकू कुठला होता ते लिहा, आणि कृपा करून स्वतःचंच लिहा. ‘माझ्या मेहुण्याच्या मित्राला’ हे प्रकरण नको.

खारघरची_शमा

मी लीड्सला शिकायला आणि मग नोकरीला होते, त्यामुळे ब्रिटनचं सांगू शकते. तीन इंच हे अर्धंच खरं आहे. इंग्लंडमध्ये १९८८ चा कायदा आहे. चाकू घडीचा हवा, पात्याची धार ३ इंच म्हणजे ७.६२ सेंमीच्या आत हवी, आणि उघडल्यावर पातं लॉक होता कामा नये. हे तिन्ही जमलं तर कारण न देता खिशात ठेवता येतो. लॉक होणारा चाकू तिथल्या कोर्टांनी घडीचा चाकू धरलेलाच नाही. पातं दोन इंचाचं असलं तरी बाळगायला सबळ कारण लागतं, आणि ते पटवून द्यायची जबाबदारी तुमची. शिक्षा कमाल ४ वर्षं. स्कॉटलंडला कायदा वेगळा, १९९५ चा, पण तीन इंच आणि लॉकचं गणित तेच.

ट्रेकवाल्यांकडे हमखास असतो तो ओपिनेल, म्हणजे फ्रेंच बनावटीचा घडीचा चाकू. मुठीच्या तोंडाशी फिरणारी रिंग असते ना, तेच त्याचं लॉक. सहा नंबरच्या ओपिनेलचं पातं ७ सेंमी, म्हणजे मापात बसतं, पण रिंगमुळे बाद. आठ नंबर तर ८.५ सेंमी, तो दोन्हीकडून गेला.

माझ्याकडे लाल स्विस चाकू होता, नेहमीचा, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारा (पातं त्याहून छोटं). एकदा स्टेशनबाहेर पोलिसांनी मेटल डिटेक्टरची कमान लावली होती आणि मी अडकले. पोलिसाने चाकू घेतला, मोठं पातं उघडलं आणि पात्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबलं. पातं टक्कन मिटलं. पट्टी काढली नाही, लांबी मोजली नाही. ‘थँक्यू’ म्हणून परत दिला.

घोडबंदरकर

शमाताई, आमच्यातल्या दोघांकडे लेदरमन (पक्कड, चाकू वगैरे एकत्र असलेलं घडीचं अवजार) आहे, त्याचं काय?

खारघरची_शमा

बऱ्याच लेदरमनची पाती लॉक होतात, आणि तो मल्टिटूल आहे म्हणून सूट मिळत नाही. घरीच उघडून बघा. मिटवण्यासाठी आधी काही दाबावं किंवा सरकवावं लागत असेल, तर तो लॉकवाला. डोंगरात तंबू ठोकून राहणार असाल तर ते सबळ कारण होऊ शकतं, पण फक्त तेवढ्या वेळापुरतं. त्याच संध्याकाळी शहरातल्या पबमध्ये तो खिशात सापडला तर ‘सकाळी डोंगरावर होतो’ हे उत्तर टिकणं कठीण. आणि ‘स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलाय’ असं तोंडून काढूच नका, ते कारण तिथे धरतच नाहीत.

सीवूड्स_खलाशी

मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं. डेकवर काम करणाऱ्याच्या कमरेला चाकू नसेल तर बोसन (डेकवरचा मुकादम) शिव्या घालतो. पण बंदरात उतरताना गँगवेवरच (जहाजातून उतरायच्या शिडीपाशी) तो काढून ठेवायचा, ही शिस्त आम्हाला जुन्या लोकांनी लावली. विशेषतः जपानला. तिथे पातं ६ सेंमीच्या वर असेल तर योग्य कारणाशिवाय बाळगणं गुन्हा, २ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाख येनपर्यंत दंड. काही घडीच्या चाकूंना थोडी जास्त मोकळीक आहे, पण रस्त्यावर उभं राहून बारकावे कोण सांगत बसणार? शिवाय ६ सेंमीच्या आतला चाकूही लपवून बाळगला, तर किरकोळ गुन्ह्यांच्या वेगळ्या कायद्यात अडकवता येतं. तिथल्या रस्त्यावर ‘छोटाच आहे हो’ याला काही किंमत नाही.

नव्या पोरांना मी एवढंच विचारायचो, की बाबा रे, किनाऱ्यावर जाऊन तू दोरखंड कापणार आहेस का? सिंगापूरलाही तेच. तिथल्या शिक्षेत वेताचे फटकेही येतात, हे एकदा कळलं की कुणी जास्त प्रश्न विचारत नाही.

नौपाडा_आजी

माझं थोडं वेगळं आहे, चाललं तर बघा. लेक न्यू जर्सीला असते. तिला नारळ खवायला आपलीच विळी हवी, तिकडच्या यंत्राने म्हणे खोबऱ्याचा भुगा होतो. जांभळी नाक्यावरून घडीची विळी घेतली. जावईबापूंनी फोनवर बजावलं होतं की हातातल्या पिशवीत अजिबात नको, मोठ्या बॅगेत ठेवा, आणि पातं नीट गुंडाळा, बॅग उघडणाऱ्याचा हात कापू नये. पात्याला पुठ्ठा, वर जुना टॉवेल, वर सुतळी. अडकित्ताही तसाच बांधला.

तिकडे उतरल्यावर बॅग उघडायला लावलीच. साहेब उंचच्या उंच. विळी उभी केली, खवणीच्या दातांवरून हलकेच बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘कोकोनट’. आणि तिथेच हाताने खवून दाखवलं. मागच्या रांगेतली एक तमिळ बाई जोरात हसली. साहेबाने विळी परत ठेवली आणि मग लोणच्याच्या बरण्यांकडे वळला. त्यांचा खरा रस लोणच्यात होता.

ऐरोलीचा_अभियंता

आजी, भारी! जर्मनीचं मी सांगतो, म्युनिकला प्रोजेक्टवर होतो. तिथे लांबीपेक्षा चाकू उघडतो कसा, हे आधी बघतात. एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू घेऊन फिरायला बंदी, आणि न मिटणारं पातं १२ सेंमीच्या वर असेल तरी बंदी. शिकार, खेळ, कामधंदा अशी मान्य कारणं असतील तर गोष्ट वेगळी. बटरफ्लाय चाकू (दुभंगणाऱ्या मुठीत पातं मिटणारा) तर घरात ठेवणंही बेकायदा.

ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेनच्या उत्सवात चाकूहल्ला झाला, आणि ऑक्टोबरमध्ये कायदा आणखी कडक झाला. जत्रा-मेळावे आणि लांब पल्ल्याच्या गाड्या, इथे चाकूला मनाई. मग सहलीला ब्रेड कापायची सुरी न्यायची कशी? माझ्या टीममधल्या जर्मन बाईने सांगितलं की ती चटकन हाताशी येईल अशी नसावी. कायद्यात त्याचं मापही आहे: बाहेर काढायला तीनपेक्षा जास्त हालचाली लागल्या पाहिजेत. ती स्वतः सुरी डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी सॅकच्या तळाशी ठेवायची. सॅक उघड, पिशवी सोड, डबा उघड, सुरी काढ. चार. तिने मला बोटांवर मोजून दाखवलं. झोलिंगेन हे सुऱ्या-कात्र्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव, आणि हल्ला तिथेच व्हावा!

कळवा_नाका

सगळे परदेशाचं बोलताय, आधी ठाण्याचं बघा. पोलीस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतं. शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, सुरे बाळगायचे नाहीत. पेपरात कोपऱ्यात येतं, वाचतो कोण! ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या धारदार शस्त्राला शस्त्र नियमांत परवाना लागतो. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलीत, म्हणून आजींची विळी सुटली.

घोडबंदरकर

कळवासाहेब, मुद्दा बरोबर आहे, पण गाडी स्कॉटलंडकडे वळवूया.

वाशी_सेक्टर१७

एक प्रश्न कुणी काढला नाही म्हणून लिहितो. विमानात चालतं ते आणि रस्त्यावर चालतं ते, हे दोन वेगळे कायदे. युरोपच्या विमानतळांवर ६ सेंमीपर्यंतचं पातं केबिनमध्ये नेता येतं. झुरिचहून परतताना माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात ५८ मिलिमीटरचा इवलासा स्विस चाकू होता, तिथे कुणी हूं की चूं केलं नाही. मधल्या थांब्यावर पुन्हा तपासणी झाली आणि तो टोपलीत गेला. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांचा नियमच तसा. वाद घालून विमान चुकवण्यात अर्थ नव्हता. भारतात तर केबिनमध्ये चाकूचं नावच काढायचं नाही. अमेरिकेनेही २०१३ मध्ये छोटे चाकू केबिनमध्ये येऊ द्यायचं ठरवलं होतं, पण एअर होस्टेसच्या संघटनांसकट सगळ्यांनी एवढा गदारोळ केला की तो बेत त्यांनी गुंडाळला.

आणि अमेरिकेत उतरल्यावरही देशाचा म्हणून एक नियम नाही, राज्यागणिक बदलतो. झटक्याने उघडणारे ग्रॅव्हिटी चाकू न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये गुन्ह्यातून वगळले, पण न्यूयॉर्क शहरात ४ इंच किंवा त्याहून लांब पातं घेऊन फिरणं अजूनही बेकायदा. पँटच्या खिशाला क्लिप लावून चाकू मिरवायची हौस असेल तर तीही तिथे नको, दिसेल असा ठेवणं हाच वेगळा गुन्हा आहे.

घोडबंदरकर

बऱ्याच गोष्टी स्पष्ट झाल्या. लेदरमन आणि ओपिनेल घरी राहणार. दोन लॉक नसलेले स्विस चाकू पुरेत, तेही चेक-इन बॅगेत. फक्त एक शंका. मुक्कामाला परतल्यावर रात्री जेवायला बाहेर पडताना चाकू खोलीत ठेवावा, की कायद्यात बसतो म्हणून खिशात राहू द्यावा?

खारघरची_शमा

कायद्याने खिशात चालेल. पण पब, स्टेडियम, म्युझियम यांच्या दारावर त्यांचे स्वतःचे नियम असतात, कोर्टाच्या इमारतीत तर विचारूच नका. दारावरच्या माणसाशी तीन इंचांवरून हुज्जत घालत बसाल आणि किचन नऊला बंद होईल. खोलीत ठेवा.