मदत हवी आहे: केशवाहिनीतून झिरपलेलं पाणी त्याच वाहिनीत परत येतं का?

नमस्कार. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या किंवा मूत्रपिंडाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणीतरी मला हे समजावून द्यावं, अशी विनंती.

मी केमिकल इंजिनिअर. डायलायझरमध्ये, म्हणजे डायलिसिसच्या वेळी रक्त गाळणाऱ्या नळकांड्यात, असतात तशा पोकळ तंतूंच्या मेम्ब्रेनवर (गाळणाऱ्या पातळ पडद्यांवर) काम करते. भाची यंदा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या पुस्तकातल्या आकृतीत केशवाहिनीच्या धमनीकडच्या टोकाला रक्तदाब साधारण 35 मि.मी. पारा, शिरेकडच्या टोकाला 15, आणि प्लाझ्मातल्या प्रथिनांचा, पाणी आत ओढणारा ऑन्कॉटिक दाब 25 च्या आसपास दाखवलाय. म्हणजे अलीकडच्या निम्म्या भागात पाणी बाहेर झिरपतं, पलीकडच्या निम्म्या भागात परत आत येतं, आणि उरलेलं थोडं लसिकावाहिन्या नेतात. स्टार्लिंगने 1896 मध्ये मांडलेल्या कल्पनेवर ही आकृती बेतलेली आहे.

पण वर्गात तिला सांगितलं, की बहुतेक ऊतींमध्ये पाणी असं सतत परत येत नाही, शिरेकडच्या टोकालाही थोडं बाहेरच झिरपत राहतं. लेविक आणि मिशेल यांचा 2010 चा लेखही तेच म्हणतो. तो मी वाचला, आणि गोंधळ वाढला.

कारण डायलायझरमध्ये उलटी गाळण होते हे आम्ही गृहीतच धरतो. तंतूचा आतला व्यास साधारण 200 मायक्रॉन. रक्त पुढे सरकतं तसा त्याचा दाब उतरतो. डायलिसिसचा द्रव समोरून येतो, त्यामुळे रक्त जिथून बाहेर पडतं तिथेच त्या द्रवाचा दाब सर्वात जास्त असतो. शिवाय पाणी गेल्याने रक्तातली प्रथिनं तोवर दाट झालेली असतात. हाय-फ्लक्स (पाणी सहज जाऊ देणाऱ्या) तंतूत त्या टोकाला द्रव रक्तात शिरतो, म्हणून तर तो इतका शुद्ध लागतो. आतल्या-बाहेरच्या रक्तदाबाच्या आणि ऑन्कॉटिक दाबाच्या फरकांवरून प्रवाह काढायचं समीकरण दोन्हीकडे तेच, मग उत्तरं वेगळी का? आणि रक्तस्राव झाल्यावर ऊतींमधलं पाणी रक्तात येतं असं वाचलंय, ते कसं बसवायचं?

प्रतिसाद (शरीरक्रियाशास्त्र शिकवतो):

ताई, समीकरण बरोबरच आहे. भिंतीबाहेर काय साचतं, तिकडे बघा.

प्रथिनं अडवणारी खरी चाळणी म्हणजे केशवाहिनीच्या आतल्या बाजूचा ग्लायकोकॅलिक्सचा (साखरयुक्त रेणूंच्या जाळीचा) पातळ थर. पाणी जोरात बाहेर जात असतं तेव्हा या थरामागची फट धुतली जाते, तिथे प्रथिन कमी राहतं. दाब अचानक उतरला तर पाणी आत येतं, हे खरंच. पण आत येतं ते पाणी. प्रथिन मागेच राहतं, शिवाय ऊतीतलं प्रथिनही त्या फटीत पसरत येतं. बाहेरचा ऑन्कॉटिक दाब चढतो आणि काही मिनिटांत शोषण थांबतं. मिशेल आणि फिलिप्स यांनी 1987 मध्ये बेडकाच्या केशवाहिन्यांवर हे दाखवलं. रक्तस्रावानंतर पाणी येतं ते याच मधल्या काळात. थोडं येतं, पण जीव वाचवायला मोलाचं.

तुमच्या डायलायझरमध्ये बाहेरचा द्रव सतत ताजा येतो आणि त्यात प्रथिन नसतं, म्हणून उलटा प्रवाह टिकतो. शरीरातही अशी जागा आहे. मूत्रपिंडात रोज सुमारे 180 लिटर गाळलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं नलिका परत घेतात. हे जवळपास प्रथिनविरहित पाणी नलिकांभोवतीच्या केशवाहिन्यांच्या बाहेर सतत ओतलं जातं, त्यामुळे तिथे शोषण अखंड चालतं. आतड्याच्या अस्तरातही तसंच. भाचीला सांगा, पाणी सतत परत येतं ही पुस्तकातल्या आकृतीतली कल्पना अशा जागांनाच लागू पडते. त्वचा आणि स्नायूंसाठी ती वापरू नये.

धागाकर्ती:

सर, मनापासून आभार, नेमकी हीच गाठ सुटत नव्हती. एक शंका उरली. तंतूंच्या बाहेरची जागा बंद करून तिथे अल्ब्युमिनचं (प्लाझ्मातल्या मुख्य प्रथिनाचं) द्रावण ठेवलं, तर ऊतीसारखंच व्हायला हवं ना? भाचीला ते टेबलावर दाखवता येईल.

प्रतिसाद (बायोरिअ‍ॅक्टरवाली):

होतं, आणि आम्हाला त्याचा त्रासही होतो. पेशी वाढवायच्या पोकळ तंतूंच्या रिअ‍ॅक्टरमध्ये बाहेरची जागा बंदच असते. प्रवेशाकडे झिरपलेलं पाणी तंतूंबाहेरून पुढे वाहतं, मेम्ब्रेनमधून जाऊ न शकणारी प्रथिनं सोबत ओढतं आणि ती निर्गमाच्या टोकाला साचतात. तिथला ऑन्कॉटिक दाब चढला की तेवढ्या भागातला उलटा प्रवाह मंदावतो किंवा थांबतो. उपाय म्हणून मधूनमधून आतल्या प्रवाहाची दिशा उलटी करतात. तुम्ही करून बघणार असाल तर बाहेरच्या जागेच्या दोन्ही टोकांचे नमुने घेऊन त्यातलं प्रथिन मोजा. आणि तंतू अल्ब्युमिन अजिबात जाऊ न देणारे निवडा.