बारावीचं तर्कशास्त्र: क्लास लावू की घरी होईल?

गोदाकाठ: भाचा बारावीला आहे, गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा. सत्यता सारण्या (विधानं खरी-खोटी असताना उत्तर काय येतं ते दाखवणारे तक्ते) पाठ केल्यात, पण 'जर–तर' आलं की गाडी अडते. कॉलेज रोडला क्लास बघू का?

सातपूरकर: एवढ्यासाठी क्लास नको. आधी विधान ओळखू दे. खरं की खोटं ठरवता आलं तरच विधान. 'गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते' हे विधान. 'रामकुंडावर चल', 'पाऊस थांबला का?' ही नव्हेत. सारणीच्या ओळी अंदाजाने भरल्या की एखादी सुटतेच. दोन विधानांना ४ ओळी, तिनांना ८, चारांना १६. तीन असतील तर पहिल्या रकान्यात ४ खरे, ४ खोटे, दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात एकाआड एक. 'किंवा'त दोन्ही खरी असली तरी उत्तर खरंच. 'आधार किंवा पॅन जोडा' म्हटल्यावर दोन्ही जोडले म्हणून अर्ज परत येत नाही.

पंचवटी_मास्तर: खरी मेख 'जर–तर'मध्येच आहे. धरा, 'गंगापूर धरणातून मोठा विसर्ग सोडला, तर रामकुंडावर पाणी चढतं.' हे खोटं कधी ठरेल? विसर्ग सोडला आणि पाणी चढलंच नाही, तेव्हाच. विसर्गच नसेल तर पाणी चढो न चढो, विधान मोडत नाही. म्हणून त्या दोन्ही ओळी 'खरं'. नकारही यातूनच निघतो: 'विसर्ग सोडला आणि पाणी चढलं नाही.' मुलं हमखास 'सोडला नाही, तर चढत नाही' लिहितात आणि गुण घालवतात.

व्यत्यास, म्हणजे 'जर' आणि 'तर'ची अदलाबदल केलेलं विधान, वेगळा. पाणी चढलं म्हणजे धरणातूनच आलं असं नाही, धरणाखाली धो धो पाऊस झाला तरी चढेल. 'पाणी चढलं नाही, तर मोठा विसर्ग सोडलेला नाही' हे मात्र मूळ विधानाइतकंच पक्कं. मूळ विधान आणि हे विधान, दोन्हींच्या सारण्या करून शेवटचे रकाने जुळवायला सांगा.

गोदाकाठ: मला यातलं कळत नाही. उत्तर तपासू कसं?

सातपूरकर: एक्सेलमध्ये. पण 'जर–तर'साठी 'इफ' वापरू नका, त्याचं काम वेगळं. ए२मध्ये 'जर'चं विधान खरं की खोटं ते, बी२मध्ये 'तर'चं, आणि =ऑर(नॉट(ए२),बी२) हे सूत्र घाला, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

पंचवटी_मास्तर: आणि कंस बघा. प आणि क ही दोन विधानं, ~ म्हणजे नकार, ∧ म्हणजे 'आणि', ∨ म्हणजे 'किंवा'. ~प ∧ क आणि ~(प ∧ क) एक नव्हेत. दुसऱ्यात नकार आत नेला की ~प ∨ ~क होतं, 'आणि'चं 'किंवा'. हा डी मॉर्गनचा नियम (गृहस्थ जन्मले आपल्या मदुराईत, १८०६ साली!). नकार प्रत्येक अक्षरावर जातो, पण चिन्ह बदलायचं राहतं, तेवढं तपासा.