मदत हवी आहे: जुना बार्लो चाकू कुठला ते ओळखायचं आहे, आणि साफ करावा की नाही?

नमस्कार मंडळी,

इथे अडकित्ते, कुलपं, दिवे जमवणारे बरेच जण आहेत, म्हणून हा प्रश्न इथेच टाकतोय. एका खिशातल्या चाकूबद्दल मदत हवी आहे.

मी पिट्सबर्गजवळ राहतो. आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. इथल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावानेच हाक मारायचो, पण घरात आमच्या बोलण्यात ते 'शेजारचे आजोबा'च. ऑक्टोबरात संध्याकाळी घरापुढच्या ओसरीत बसून ते सफरचंदं सोलायचे. पातं नखाने उचलायचं, 'टक्' असा आवाज यायचा, आणि मग साल न तुटता एकसलग खाली उतरायची. माझी मुलगी त्या सालीसाठी पायरीवर बसून राहायची. गेल्या हिवाळ्यात ते गेले. नंतर त्यांची मुलगी घर आवरत होती, तेव्हा तोच चाकू एका रुमालात गुंडाळून तिने आमच्याकडे आणून दिला. म्हणाली, हा माझ्या आजोबांचा, मग बाबांचा, आता तुमच्या मुलीकडे राहू दे.

चाकू मिटलेला असताना साधारण साडेआठ सेंटिमीटर भरतो. एकच पातं. मूठ थेंबाच्या आकाराची, पात्याच्या बाजूला निमुळती आणि मागे गोल फुगलेली. मुठीवर दोन्हीकडून हाडाच्या पट्ट्या आहेत आणि त्यांवर करवतीचे आडवे ओरखडे तसेच ठेवलेले. रंग जुन्या तुपासारखा, खिळ्यांभोवती जरा तपकिरी. पात्याच्या बाजूला मुठीचा जवळजवळ तिसरा हिस्सा धातूच्या टोपणाने झाकलाय. त्यावर मोठ्या अक्षरांत 'बार्लो' असं इंग्रजीत ठोकलेलं आहे. पहिलं अक्षर अंगठ्याने पार पुसून गेलंय, बाकीची लागतात. पातं इतक्या वेळा धारेला लावलं गेलंय की मूळ रुंदी अर्धीसुद्धा उरली नसावी. टोक आधी भाल्यासारखं होतं की पाठ कापलेलं, तेही सांगता येत नाही.

थोडं वाचलं, ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तेच पुन्हा सांगायला नको. बार्लो हे कंपनीचं नाव नव्हे, घाटाचं नाव आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या ओबाडाया बार्लो या कारागिराचं नाव त्याच्याशी जोडतात, म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची गोष्ट. लांब टोपण हीच त्याची खूण. पातं जिथे खिळ्यावर फिरतं तिथेच चाकू आधी खिळखिळा होतो, म्हणून तो भाग धातूने आवळून टाकला. बाकी सगळीकडे काटकसर: एक पातं, न घासलेलं हाड. शेतकऱ्याच्या, शाळकरी पोराच्या खिशाला परवडावा असा. पुढे अमेरिकेत जॉन रसेलच्या कारखान्याने १८७५ च्या सुमारास बार्लो काढले आणि ते घरोघरी गेले. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरला (१८७६) बायबलची वचनं पाठ केल्याबद्दल बार्लोच मिळतो, साडेबारा सेंटचा. तो काही कापत नाही, पण 'खराखुरा बार्लो' आहे म्हणून पोरगा हरखून जातो! म्हणजे नकली बार्लोसुद्धा तेव्हापासूनच असणार. हे वाचल्यापासून मला या घाटाचं फार अप्रूप वाटायला लागलंय. एवढी साधी वस्तू, आणि तीनशे वर्षांत तिचा आकार फारसा बदलावा असं कोणालाच वाटलं नाही.

आता अडचण. पात्याच्या बुंध्यावर, म्हणजे मुठीलगत जिथे धार नसते त्या चपट्या भागावर, कारखान्याचा ठसा आहे. त्यातलं मला फक्त 'फील्ड' एवढंच लागतंय. आधीची अक्षरं काळ्या थराखाली गेलीत. रसेलचा कारखाना मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डला सुरू झाला होता. कनेक्टिकटमध्ये नॉर्थफील्ड नावाच्या गावी चाकूचा कारखाना होता. आणि शेफिल्ड तर आहेच. तिन्हींच्या शेवटी तेच!

दुसरी अडचण माझ्याच हातून झालेली आहे. ठसा वाचता यावा म्हणून मी टोकाजवळ भांडी घासायच्या काथ्याने थोडं घासून पाहिलं. तिथे नखाएवढा चकचकीत पांढरा डाग पडला आणि बाकीचं पातं त्या शेजारी मळकट दिसायला लागलं. फार वाईट वाटलं, लगेच थांबलो. मग गावातल्या एका धार लावणाऱ्याकडे नेलं, तर तो म्हणाला पॉलिशच्या चाकावर धरतो, पाच मिनिटांत आरसा करून देतो. मी चाकू घेऊन परत आलो.

तर मला हे विचारायचं आहे की ठसा न घासता वाचायची काही युक्ती आहे का? पात्यावरचा काळपट थर काढावा की राहू द्यावा? आणि हाडाच्या पट्टीला खिळ्यापासून एक केसाएवढी चीर गेली आहे, ती वाढू नये म्हणून काय करावं? विकायचा अजिबात नाही. मुलगी अकरा वर्षांची आहे, तिच्या हातात वापरता येईल असा द्यायचा आहे. दिवाळीत सांगलीला येताना बाबांनाही दाखवायचा आहे. त्यांच्याकडे माझ्या आजोबांचा पितळी अडकित्ता आहे आणि दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघायची माझी फार इच्छा आहे.

प्रतिसाद १

पॉलिशवाल्याकडून परत आलात ते उत्तम केलंत. चाकाने ठसा तर जातोच, शिवाय पातं इतकं पातळ असेल तर तापून त्याचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही, आणि ते पाणी परत देणं घरी जमणारं नाही.

ठशासाठी घासायची गरज नाही. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि चाकू हळूहळू फिरवत राहा. समोरून उजेड पाडला तर काहीच दिसत नाही. आडव्या उजेडात अक्षरांच्या कडांची सावली पडते. मोबाइलने वेगवेगळ्या कोनांतून आठ-दहा फोटो काढा आणि मोठे करून बघा. त्याआधी चिंधीला एक थेंब तेल घेऊन बुंधा पुसा, नुसती धूळ आणि चिकटा असेल तर तेवढ्याने निघून येईल.

टोपणावर बाण आरपार गेलेलं इंग्रजी 'आर' दिसतंय का? तसं असेल तर रसेल. नसेल, तर बुंध्यावर 'फील्ड'च्या खाली दुसरी ओळ आहे का ते नीट शोधा. तिथे 'इंग्लंड' निघालं तर काळही थोडाफार ठरवता येईल. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव असणं सक्तीचं केलं, १८९१ पासून. त्यामुळे देशाचं नाव असलेले शेफिल्डचे चाकू बहुतेक त्यानंतरचे. याच कायद्याने जकातही इतकी वाढवली की शेफिल्डच्या चाकूवाल्यांचा अमेरिकेतला धंदा बसला.

टोपणाला एक बारीक चुंबकही लावून बघा. स्वस्त आणि जुन्या बार्लोंवर टोपण लोखंडी असायचं, पुढच्या बऱ्याच चाकूंवर जर्मन सिल्व्हरचं. त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि ते चुंबकाला ओढत नाही. खाली पोलादाचा बुंधा आहे, त्यामुळे थोडी ओढ जाणवेलच. पण लोखंडावर चुंबक चटकन चिकटतो, फरक हाताला कळतो.

प्रतिसाद २

वरच्यांनी ओळखायचं सांगितलंय, मी सांभाळायचं सांगतो. माझ्याकडे सगळे अडकित्ते आहेत, पण पोलाद ते पोलाद.

लाल गंज आणि काळा थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल गंज बोटाला लागतो, पोलाद खातो, तो काढायलाच हवा: तेल लावून रात्रभर ठेवा आणि तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडा, तांबं पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडा उठत नाही. काळा-निळसर थर मात्र पात्याला राखतो. तुमच्या चाकूवरचा थर सफरचंदाच्या आंबटपणाने आलेला आहे, इतक्या वर्षांच्या सोलण्याने. तो काढू नका. तुम्ही घासलेला डागही दोन महिने सफरचंदं कापली की आपोआप बुजेल. वापरून झाल्यावर पुसून कोरडा करा, एवढं पाळा.

तेल शिलाई मशीनचं. खोबरेल, गोडं तेल अजिबात नको, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि सांधा जड चालायला लागतो. एक थेंब खिळ्यापाशी सोडा, आठ-दहा वेळा उघडमीट करा, काळं तेल बाहेर येईल ते पुसा, परत एक थेंब.

हाड पाण्यात बुडवू नका. भिजून फुगतं, वाळताना चिरतं. केसाएवढ्या चिरेत पातळ सुपरग्लूचा एकच थेंब सुईच्या टोकाने सोडा, तो आपसूक आत ओढला जातो. वर सांडलेला लगेच टिपून घ्या.

चामड्याच्या म्यानात किंवा पाकिटात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं आणि कमावतानाचं आम्ल पोलादाला लागतं. आणि जुने सेल्युलॉइडच्या (जुन्या पद्धतीच्या प्लास्टिकच्या) मुठीचे चाकू घरात असतील तर ते याच्या शेजारी नकोत. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून वाफा सुटतात आणि आजूबाजूचं पोलाद गंजून जातं. एकाच डब्यात ठेवलेले चांगले चाकू असे गेलेले मी पाहिले आहेत.

मुलीला देताना एक सांगा: या चाकूला खटका नाही, पातं नुसत्या कमानीच्या दाबावर उभं असतं. टोकाने भोसकायला गेलं तर बोटावर मिटतं. कापताना जोर नेहमी धारेच्या दिशेने. आणि विमानात हातातल्या बॅगेत नको, मोठ्या सामानात टाका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री मुलगी टॉर्च धरून बसली आणि मी चाकू फिरवत होतो. बाण नाही. 'फील्ड'च्या खाली दुसरी ओळ आहे! शेवटची तीन अक्षरं स्पष्ट लागली, 'ए, एन, डी', त्याआधी 'एल'चा उभा दांडा. 'इंग्लंड'च. वरच्या ओळीत 'फील्ड'च्या आधी एकच 'एफ' आणखी दिसतोय, म्हणजे जोड 'एफ', म्हणजे शेफिल्ड. कारखान्याचं नाव त्याच्याही वर असणार, पण तिथे पोलादच झिजलंय, आता ते वाचता येईल असं वाटत नाही.

टोपणाला चुंबक चटकन चिकटला. म्हणजे लोखंडी.

त्यांच्या मुलीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, तिचे आजोबा १९०२ साली जन्मले आणि हा चाकू त्यांना लहानपणी मिळाला होता, एवढंच तिला माहीत आहे. १८९१ नंतरचा हे त्याच्याशी जुळतं.

तेल सोडलं. तिसऱ्या थेंबाला सांधा मोकळा झाला आणि तोच जुना 'टक्' आला. मुलीने आवाज ऐकून स्वयंपाकघरातून सफरचंद आणलं. साल चार ठिकाणी तुटली.

आता फक्त धारेचं विचारायचं राहिलं. घरी सांगलीहून आणलेली सहाण आहे, चंदनाची नव्हे, सुऱ्यांसाठीची, जरा खरबरीत आहे. इतक्या पातळ पात्याला ती चालेल, की आणखी बारीक दगड घेऊ?