रिकाम्या व्यापारी इमारतीला २६४ ची नोटीस: आधी काय करायचं?

गाळेमालक:
मुंबईबाहेरच्या महापालिकेची हद्द. तळमजला अधिक दोन, भोगवटा दाखला १९८९ चा. वरचे मजले दोन वर्षं रिकामे, खाली एका गाळ्याला भाडेकरूचं कुलूप. छज्जाचा गिलावा रस्त्यावर पडतो म्हणून महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची (पडायला आलेल्या बांधकामाबद्दलची) नोटीस आली. वापरच नाही, तरी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) लागतं का? फॉर्म बी (अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला) आणि मालमत्ता कराचं काय?

सळई:
लागतं. २६४ रिकामं-भरलेलं बघत नाही, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर पडेल का एवढंच बघतं. शिवाय त्याच कायद्याच्या २६५-अ प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीचं ऑडिट करायलाच हवं, नंतर दर १० वर्षांनी.

आजच छज्जाखाली पत्रे मारून रस्त्याची बाजू बंद करा, सुटलेला गिलावा उतरवा, तारखेसह फोटो क्षेत्रीय कार्यालयात देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या. पालिकेला हे काम करावं लागलं तर खर्च तुमच्याकडून वसूल होतो.

ऑडिट महापालिकेकडे नोंदणी असलेल्या इंजिनिअरकडूनच. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून कडकपणा मोजणारं उपकरण) अहवाल घेऊ नका. कार्बोनेशन झालेला (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं अल्कधर्म गेलेला) पृष्ठभाग कडक होतो आणि आकडा फसवा चांगला येतो. कोअर (काँक्रीटचा दंडगोल नमुना) काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारायला सांगा. गुलाबी न होणारा थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं संरक्षण संपलं. हाफ-सेल चाचणीत (यात सळईचा विद्युतदाब मोजतात) कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर आकडा उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली गेला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. बंद इमारतीत मूळ बहुधा गच्चीवर असतं: पन्हाळीचा पाइप पाल्यानं तुंबतो, पाणी साचतं, स्लॅबमध्ये मुरतं. तो पाइप आधी मोकळा करा.

अहवाल सी-१ आला तर इमारत पाडावी लागते, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती.

जानेवारी-जुलै:
अग्निशमन यंत्रणा बसवलेली असेल तर फॉर्म बी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून. रिकामेपणाची सूट नाही. अडतं ते विजेपाशी: मीटर कापला की पंप चालत नाही, मग एजन्सी चाचणी घेणार कशी? पंपापुरता जोड चालू ठेवा. डिझेल पंप असेल तर बॅटरीही तपासा, महिनोन्‌महिने पडून ती उतरते.

लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी आठवड्याला उपसा. डासांच्या अळ्यांची नोटीस वेगळी येते.

गाळेमालक:
आणि कुलूप? तोडून आत जाता येईल?

भाडेकायदा:
नाही. पाहणीची तारीख भाडेकरूला नोंदणीसह स्पीड पोस्टानं कळवा, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. दावा लावण्याआधी सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय गाळा वापरात नसेल, तर भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६(१)(एन) खाली ताबा मागता येतो, पण न्यायालयातूनच. सी-१ आलाच, तर पाडण्याआधी गाळ्याचं मोजमाप लेखी करून ठेवा. इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही.

कराची सवलत आपोआप मिळत नाही. रिकामं झाल्याची लेखी सूचना कर विभागाला लगेच द्यावी लागते. ती दिली नसेल तर आजच द्या, फक्त वरच्या मजल्यांची. कुलूपबंद गाळा भाड्यानं दिलेलाच आहे, तो रिकाम्यात दाखवू नका.