बाईकचं चेन-स्प्रॉकेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चक्रं) घरीच बदलता येईल का?

चेन इतकी ढिली झालीय की अ‍ॅडजस्टर (चेन ताणायचे बोल्ट) शेवटपर्यंत मागे गेलेत, तरी खडखड चालूच. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झालेत, पुढचं बरं वाटतंय. नुसती चेन आणि मागचं बदललं तर चालेल का? पाने आहेत, मेन स्टँड आहे, बाकी अनुभव शून्य.

> चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, तिन्ही एकदमच बदल. जुन्या दातांवर नवी चेन टाकली की ती पण लवकर ताणते, मग पैसे वाचवले कुठे? आणि हो, पुढच्या स्प्रॉकेटचे नट-बोल्ट जुनी चेन काढायच्या *आधी* ढिले कर, गिअरमध्ये टाकून कोणालातरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांग, एकदा चेन निघाली की स्प्रॉकेट नुसतं गरगर फिरतं आणि नट हलत नाही. नटाखाली लॉक वॉशर (नट फिरू नये म्हणून कड वाकवलेली चकती) असेल तर ती कड आधी सरळ कर.

> +१. चेनची टोकं जोडणारी लिंक क्लिपवाली असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे, उघडी मागे. उलटी बसली तर सुटू शकते. रिव्हेटवाली असेल तर टूलशिवाय हात लावू नकोस, हातोडीने ठोकणारे खूप बघितलेत.

> चेनला ढील (खालची चेन मध्यावर वर-खाली किती हलते) किती ठेवायची ते मॅन्युअलमध्ये बघ, बऱ्याच कम्युटर गाड्यांना २०-३० मिमी असते. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोज, जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथलं माप धर. चाकाच्या दोन्हीकडच्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात. एक्सल नट आवळल्यावर परत मोज, हमखास बदलतं.

> ओ-रिंग चेन (आत ग्रीस धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांची) घेतलीस तर धुवायला पेट्रोल नको, रॉकेल चालेल.